तिसऱ्या अंकातला बाप

आता कुठून सांगू आणि कसं सांगू तुम्हाला? चहा घ्या आधी. माझी फजिती ऐकायची म्हटलं की तुम्ही न बोलावता जमता, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट सुरुवातीलाच बजावून ठेवतो. हा किस्सा देवासात जो तो आपापल्या परीने सांगतो आणि दर वेळी मूर्ख मीच ठरतो. साफ अन्याय आहे हा. त्या दिवशी माझ्या जागी तुम्ही असतात, तर तुम्हीही त्या माणसाची मिशी ओढली असती.

संस्थानं विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या देवासचा प्रकार तुम्हाला ठाऊकच आहे. गाव एवढंसं, पण राजे दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती, आणि हद्द गेलेली भर रस्त्यातून. विलीनीकरणात दोन्ही राज्यं गेली, वर एक मध्यभारत सरकार आलं, पण गणपती काही विलीन झाले नाहीत. थोरल्या पातीचा गणपती निराळा, धाकट्या पातीचा निराळा, आणि दोन्हीकडची नाटकं निराळी. मी थोरल्या पातीचा नाटककार. दिवसभर कचेरीत हिंदीतून टिपणं लिहायची आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत नाटक, असा आमचा कारभार होता.

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडाला मंडळाचे चिटणीस बंडोपंत घरी आले. बसायच्या आधीच म्हणाले, "धारच्या मंडळींचा निरोप आहे. यंदाचं नाटक पसंत पडलं तर दिवाळीत धारला बोलावतील."

धारला! अहो, माझं एक नाटक तोवर देवासची वेस ओलांडून गेलं नव्हतं. धाकट्या पातीच्या नाटककाराचं एक नाटक कधीतरी इंदुरास झालं होतं, आणि तेव्हापासून तो मला रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा नाही, नुसती भुवई उचलायचा. ती भुवई मी किती दिवस सोसत होतो ते माझं मला माहीत. धारला नाटक गेलं असतं तर ती खाली आली असती. मला दुसरं काही नको होतं.

नाटकही झकास जमत आलं होतं. एक जुने दरबारी गृहस्थ, त्यांची एकुलती एक मुलगी आणि तिच्या प्रेमात पडलेला गरीब मास्तर. दोन अंक सरसर लिहून झाले. तिसऱ्या अंकात मास्तर मुलीला मागणी घालायला वाड्यावर येतो आणि बाप भडकून त्याला हाकलून देतो. सगळं नाटक त्या एका भाषणावर उभं. आणि तिथेच गाडं अडलं.

बाप काही केल्या भडकेचना. मी लेखणी उचलायचो, बाप तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "मास्तर, मला वाटतं आपण पुन्हा एकवार विचार करावा." खोडायचो. पुन्हा लिहायचो. पुन्हा बाप म्हणायचा, "बसा, सरबत घेणार का?" अरे, सरबत काय देतोस त्याला? तुझ्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. पण छे. माझा बाप म्हणजे शाळा तपासायला आलेला साहेब होऊन बसला होता.

लेखकाचं लिहिणं अडलं की गावाला कसं कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. सुताराचा रंधा अडला तर कोणी त्याला शिकवायला जातं का? पण लेखक अडला रे अडला की ज्यानं जन्मात खुशालीच्या पत्रापलीकडे काही लिहिलं नाही, तोसुद्धा वैद्य होतो. कचेरीतले हेडक्लार्क म्हणाले, पहाटे उठून लिहा. उठलो. पहाटे बापाला जांभया यायला लागल्या. एकजण म्हणाला, डोक्याला ब्राह्मीचं तेल थापा. थापलं, ते कागदावर ओघळलं. सासूबाईंनी कळवलं, हाटपिपल्याच्या नृसिंहाला नवस बोला, तो खांबातून बाहेर येतो, तुमचं वाक्य काय येणार नाही? समोरचा शेवेच्या दुकानातला मांगीलाल रोज सकाळी ओरडून विचारायचा, "कंई भिया, नाटक पूरो हुयो के नी?" मी मान हलवली की म्हणायचा, "तो भिया, पेट साफ राखो. सब वंईं सूं अटके हे."

सांगा, यावर माणसानं काय बोलावं?

आणि मग दूधवाल्याचं प्रकरण झालं. एका सकाळी दूध इतकं पातळ आलं की तांब्याचा तळ दिसत होता. मी त्याला भर रस्त्यात असा काही झाडला की थोरल्या पातीतला माझा आवाज धाकट्या पातीत ऐकू गेला म्हणतात. तसाच तणतणत घरात आलो, बसलो, आणि मास्तराच्या तोंडचा एक सबंध प्रवेश एका बैठकीत उतरवला. नेमके त्याच वेळी बंडोपंत दारात उभे होते. नुसते बघत राहिले आणि विचार करत परत गेले.

तेव्हापासून माझ्यावर संकटांची रांग लागली.

मांगीलालनं दुसऱ्याच दिवशी ऐकवलं की मागच्या वर्षीच्या माझ्या नाटकात त्याला इतकी छान झोप लागली की घरच्या खाटेवर लागत नाही. कचेरीतल्या एकानं माझ्याच तोंडावर धाकट्या पातीच्या नाटकाची तारीफ केली, तीही अंकवार. घरात आमटीला मीठ पडेनासं झालं. मी हिला विचारलं, तर ही शांतपणे म्हणाली, "अहो, मीठ आहे, तुमच्या जिभेलाच चव राहिली नाही. लेखकांचं होतं म्हणतात असं." मग एक जोशीबुवा आले आणि माझा हात बघून म्हणाले, विद्येची रेघ मनगटाशीच तुटली आहे. त्यानंतर एक दाढीवाला अधिकारी आला. आपण मध्यभारत सरकारचे आहोत असं सांगून, मराठी नाटकं आता बंद होणार, असं हिंदीत बजावून गेला.

मी दिवसभर धुमसायचो आणि लिहायचो. पानंच्या पानं झाली. मास्तर संतापला, मुलगी संतापली, वाड्यावरचा गडी संतापला. फक्त बाप तेवढा सरबतावर अडून बसला होता.

पुढे एक विमा एजंट आला. भरघोस मिशीचा, पण उंचीनं बुटका. म्हणाला, "लेखकांचा विमा आम्ही उतरवत नाही, कारण ते गेले काय आणि राहिले काय, कोणाला फरक पडत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात हिने आणलेल्या गरम चहाचा त्यानं घोट घेतला, आणि त्याची अर्धी मिशी सुटून बशीत पडली.

तो विष्णू होता! आमच्याच मंडळाचा नट, एरवी टपाल कचेरीत शिक्के मारणारा. जोशीबुवा तोच आणि दाढीवाला अधिकारीही तोच. मिशी बशीतून उचलून झटकत तो म्हणाला, "माफ करा काका, बंडोपंत म्हणाले, तुम्ही चिडलात की लिहिता. डिंक हलका निघाला."

मी हिच्याकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. म्हणजे आमटीसुद्धा!

आता तुम्ही हसताय, पण जरा माझ्या बाजूनं विचार करा. मी माणूस आहे की बैल? पराणी टोचली की चालायला लागायचं? माझ्या प्रतिभेला काही मान आहे की नाही? बंडोपंतांना बोलावून मी खडसावलं. ते हात जोडून म्हणाले, "चुकलं. पण पानं तर झाली ना?" मी एवढंच ठरवलं की यापुढे रागवायचं म्हणून नाही. कोणीही कसलंही सोंग घेऊन येवो, मी हसत बसणार.

जाता जाता दारातून वळून बंडोपंत म्हणाले, "बरं का, धारचे आबासाहेब सरदार रविवारी टेकडीवर देवीच्या दर्शनाला येतायत. तिथून तुमच्याकडे येतील. नाटकाचं तेच ठरवणार आहेत. जरा नीट बोला."

"येऊ दे की," मी म्हणालो आणि मनात हसलो. अहो, इतक्या लबाड्या उघड्या पडल्यावर हा माणूस आणखी एक लबाडी तोंडावर सांगून जातो, म्हणजे काय म्हणावं?

रविवारी सकाळी मी ओसरीवर कागद घेऊन बसलो होतो. दार वाजलं, आणि आत आले साक्षात सरदार. डोक्याला दरबारी पगडी, अंगात हिरवा जरीकाठी अंगरखा, कमरेला शेला, आणि मिशी म्हणाल तर गालांवरून निघून कानांची चौकशी करून आलेली.

इथे थांबतो आणि तुम्हालाच विचारतो. विलीनीकरणानंतर अंगरखा घालून रस्त्यानं फिरणारा माणूस तुम्ही कधी पाहिला होता का? दरबारच बंद झाले, तर घालून जायचं कुठे? गावातल्या सगळ्या मानकऱ्यांनी आपापले अंगरखे आणि पगड्या आमच्या मंडळाला नाटकासाठी देऊन टाकल्या होत्या. मंडळाच्या पेटीत असा हिरवा अंगरखा मी माझ्या हातानं घडी करून ठेवला होता. देवासात तेव्हा सरदार फक्त रंगमंचावर उरले होते. देवीपुढे पूर्ण दरबारी पोशाखात जायचं, ही आबासाहेबांच्या घराण्याची रीत आहे, हे मला कोणी सांगितलं होतं?

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. विष्णू बुटका, हा गृहस्थ चांगला उंच. म्हणजे बंडोपंतांनी या खेपेला नट बाहेरून मागवला होता.

"नाटककार आपणच का?" त्यांनी भारदस्त आवाजात विचारलं.

मी लोडाला टेकलो. "आलास? ये. बस त्या पोत्यावर."

सरदार दारातच थबकले. आत हिच्या बांगड्या जोरजोरात वाजायला लागल्या. मी म्हटलं, वाजव, तू तर पहिल्यापासून कटात आहेस.

"आम्ही धारहून आलो," ते म्हणाले.

"ते माहीत आहे मला. धारहूनच यायला सांगितलं असणार. पण तुझी चाल चुकली. सरदार असा गुडघे दुखल्यासारखा चालत नाही. सरदार कधी पाहिलायस का जन्मात?"

ते पाहतच राहिले. गुडघे खरोखरच दुखत होते त्यांचे, टेकडी चढून आले होते.

"आवाज बरा आहे," मी पुढे म्हणालो. "पगडी जरा डावीकडे कललीय, ती नीट कर. तुझा राग येणार नाही मला, हे आधीच सांगतो. किती तास उभं राहायचं ते राहा."

हिने चहा आणला, तोही पाहुण्यांच्या कपात. "अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, हे खरे..."

"खरे तर सगळेच असतात," मी म्हणालो. "चहा देऊ नकोस त्याला, मिशी सुटेल. कोणी चिकटवली रे ही? फारच मोठी लावलीय." आणि उठून, अगदी सहज, मी त्यांच्या मिशीचं टोक धरून ओढलं.

सुटली नाही.

"डिंक भारी आहे," मी म्हणालो आणि पुन्हा ओढलं. यावेळी जरा जोरात.

सरदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. नट असता तर डोळ्यांत पाणी येण्याआधी मिशी हातात आली असती, एवढं मला कळत होतं. माझा हात तिथेच राहिला. मागे हिच्या हातून काही पडल्याचा आवाज आला. तो कप होता.

मग ते बोलायला लागले.

"हात काढ," ते म्हणाले. मी काढला. "कोण समजतोस तू स्वतःला? चार ओळी खरडल्यास म्हणून माणसांना बाहुल्यांसारखं नाचवायला निघालास? आमचं संस्थान गेलं, आम्ही बोललो नाही. दरबार गेला, बोललो नाही. घोडी विकली. हत्तीखान्यात लोकांनी म्हशी बांधल्या, तेही उघड्या डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, राज्य बदललं, असं व्हायचंच. सगळं दिलं आम्ही, कागदावर सही करून दिलं. आमची म्हणून ही एवढी मिशी राहिली होती. आणि ती खरी आहे की खोटी, हे आता तू ओढून बघणार?"

मी हादरलो. लाज वाटली. भूमी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे सगळं खरं आहे. पण त्याच वेळी, माझ्या नकळत, माझा हात लोडाशेजारच्या लेखणीकडे गेला होता. कारण हा माझा बाप होता! तिसऱ्या अंकातला. श्रावणभर ज्याची वाट पाहिली, तो दारातून चालत आला होता आणि एकदाही सरबत म्हणत नव्हता.

"मी बोलतोय आणि तू लिहितोस?" ते ओरडले.

"आपण बोला, बोला," मी म्हणालो. आता आपोआप आपण आलं होतं तोंडात. "फक्त हत्तीखान्यात काय बांधल्या म्हणालात? गाई की म्हशी?"

"म्हशी!" सरदार गरजले, आणि आणखी बरंच काही बोलले. माझ्या आजोबांपर्यंत गेले, मग मध्यभारत सरकारपर्यंत गेले, मग परत मिशीवर आले. मी एक शब्द सोडला नाही. शेवटी त्यांचा श्वास संपला. दारात वळून ते म्हणाले, "गणपतीत येतो मी. पहिल्या रांगेत बसतो. तू काय दिवे लावतोस ते बघतोच. धारची आशा सोड."

हिने त्यांच्या मागे धावत जाऊन पाया पडून माफी मागितली म्हणे. मी तिसरा अंक लिहीत होतो. मला वेळ नव्हता.

भाषण जसंच्या तसं घेतलं. एकच अडचण होती. बाप मिशीबद्दल एवढा भडकतो, तर मास्तरानं मिशी ओढायला हवी. आता मुलीला मागणी घालायला आलेला मास्तर सासऱ्याची मिशी का ओढेल? त्या एका भाषणासाठी मला सगळा प्रवेश फिरवावा लागला. शेवटी मास्तराला चष्मा लावला आणि अंधारात चाचपडत आत आणला. जमलं एकदाचं.

गणपती आले. प्रयोगाच्या दिवशी आबासाहेब खरंच पहिल्या रांगेत बसले होते, तोच हिरवा अंगरखा घालून, हाताची घडी, कपाळाला आठ्या. मी पडद्याआडून पाहत होतो. पहिला अंक त्यांनी तोंड वाकडं करून पाहिला. दुसऱ्या अंकात चक्क शेजाऱ्याशी बोलत बसले. खरं सांगू, प्रेक्षकही जरा चुळबुळत होते. आता म्हणतात, पहिले दोन अंक रटाळ होते. असतील.

तिसरा अंक सुरू झाला. विष्णू बाप झाला होता. भाषणाला तोंड लागलं, आणि पहिल्याच वाक्याला आबासाहेबांची मान ताठ झाली. दुसऱ्या वाक्याला ते पुढे सरकले. "घोडी विकली," विष्णू म्हणाला, आणि आबासाहेबांचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले. हत्तीखान्यात म्हशी आल्या तेव्हा मंडपात मागे बसलेल्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी डोळे पुसले. आणि भाषण संपलं तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की धाकट्या पातीची मंडळीसुद्धा, सवय नसताना, वाजवत होती. भुवईवाला नाटककार उभा राहून वाजवत होता.

"लेखक कोण? लेखकाला बाहेर आणा!" लोक ओरडायला लागले.

मी उपरणं सारखं केलं. आयुष्यात ही वेळ एकदाच येते. पडदा बाजूला करून पाऊल टाकणार, तोच पुढचा आरडाओरडा एकदम थांबला. पाहतो तर पहिल्या रांगेत आबासाहेब उठून उभे राहिले होते. सावकाश प्रेक्षकांकडे वळले, मिशीवरून हात फिरवला आणि तीन वेळा मुजरा केला. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या.

मी पडद्याआड उभा. माझं नाटक, माझं नाव, माझी लेखणी. सांगा, हा अन्याय नाही तर काय? हिला म्हटलं, तर म्हणते, "मुजरा तुम्हाला करता तरी येतो का?"

प्रयोग संपल्यावर आबासाहेब आत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बंडोपंतांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाटक उत्तम. दिवाळीत धारला आणा."

बंडोपंतांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "आणतो ना. पण लेखकाच्या जाण्यायेण्याची आणि उतरण्याची काय व्यवस्था?"

"त्याची काळजी नको," आबासाहेब म्हणाले. "लेखक धारलाच राहतात."